मे महिन्यातले बिनतिकिटाचे शहर

एप्रिलच्या मध्यावर परीक्षा संपल्या की आमच्या मोहल्ल्याचे सरळ दोन भाग पडत. ज्यांना गाव होते ते गावी जात. कोकणातले लोक, जोवर बोटी चालत होत्या तोवर, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जात, घाटावरचे एस. टी. ने. ज्यांचे गाव सुटले होते किंवा ज्यांच्या वडिलांना रजा नव्हती ते शहरात उरत. आम्ही उरणाऱ्यांपैकी होतो. दहा बाय बाराची खोली, वर तापलेला पत्रा आणि पाच पोरे. दुपार कशीबशी निघे. असरची नमाज झाली की अम्मी अब्बांना म्हणत, "यांना कुठं तरी घेऊन जा." या 'कुठं तरी'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. जिथे तिकीट नाही, जिथे चालत जाता येते आणि जिथे वाटेत पाणी मिळते, तिथे.

मुंबईच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गिरण्या, गोद्या, दंगली, चळवळी, सगळ्यांवर. पण गरिबाची मुले उन्हाळ्यात या शहरात नेमकी कुठे जात होती आणि त्या जागा त्यांना कशा मिळाल्या, याचा विचार आम्ही स्वतः नातवंडे होईपर्यंत केला नव्हता.

आधी मैदाने घेऊ. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही चारही एकेकाळी एकच उघडी जमीन होती. तिला एस्प्लनेड म्हणत. इंग्रजांनी ती मोकळी ठेवली होती ती कोणी खेळावे म्हणून नव्हे. किल्ल्यावरच्या तोफांना समोर अडथळा नको, शत्रूला आडोसा मिळू नये, म्हणून तिथे बांधकामाला बंदी होती. १८६० नंतर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि तोफांचे काम संपले. जमीन मात्र बऱ्याच प्रमाणात मोकळी राहिली. अब्बा आम्हाला तिथे नेऊन सोडून देत आणि स्वतः कडेला पेपर पसरून बसत. तोफांच्या माऱ्यासाठी राखलेली जागा पोरांच्या धावण्याच्या कामी आली, हा इतिहासाचा एक बरा विनोद आहे.

दुसरी जागा राणीची बाग. १८६२ साली लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती भायखळ्याला सुरू झाली. तिच्याच आवारातले संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडले, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. १९७५ पासून त्याला भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, आणि ते रास्तच आहे, कारण त्यासाठी पैसा आणि माणसे गोळा करण्यात या मराठी डॉक्टरांचा मोठा वाटा होता. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. आत शहरातल्या नाना जातिजमातींच्या मातीच्या छोट्या आकृती आहेत. आमची भावंडे काचेला नाक लावून त्यात 'आपला माणूस' शोधत. नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा इथल्या पोरांना ही बाग पायी चालत जाण्याच्या अंतरावर होती. म्हणून बासी ईदला ती आमच्याच लोकांनी फुलून जाई. आजही जाते.

पण मैदान आणि बाग असून भागत नाही. मे महिन्यात मुलाला बाहेर न्यायचे तर पाणी लागते. हा मुद्दा साधा वाटेल, पण पाच मुलांचा बाप त्याला साधा म्हणणार नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या मुंबईत धनिकांनी पाणपोया आणि पाण्याची कारंजी बांधण्याची जणू चढाओढ लावली होती. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात पिण्याच्या पाण्याची चाळीस ठिकाणे करून दिली. मशीद बंदरच्या बाजूला केशवजी नायक यांचे कारंजे १८७६ सालचे आहे. पारशी, भाटिया, गुजराती व्यापारी यांनी हे केले आणि त्या पाण्याला जात विचारली गेली नाही. ज्या देशात विहिरीवरून माणसे मारली गेली तिथे ही गोष्ट लहान नव्हती.

आमच्याकडे याच कामाला सबील म्हणतात. शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'वाट'. अल्लाहच्या वाटेवर दिलेले पाणी ते सबील. कैरो शहरात या शब्दाची एक सुंदर इमारतच उभी आहे. अब्दुर्रहमान कतखुदा याने १७४४ साली ती बांधली. खाली वाटसरूंसाठी पाणी आणि वर लहान मुलांचा मकतब. कैरोत अशा अनेक इमारती झाल्या आणि त्यांना सबील-कुत्ताब असेच म्हणत. पाणी आणि मुले यांची जोडी कोणाला तरी इतकी स्वाभाविक वाटली की त्यांनी दोन्ही एकाच छपराखाली आणले.

आमच्या मोहल्ल्यातली सबील मात्र इमारत नव्हती. चार बांबू, वर हिरवे कापड, लाकडी घडवंचीवर लाल कापड गुंडाळलेले माठ. मोहरमच्या दहा दिवसांत ती उभी राही. करबलाच्या तहानेची आठवण म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाणी, सरबत, कधी गुलाब घातलेले थंड दूध.

इथे कालगणनेचा एक खेळ सांगितला पाहिजे. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. त्यामुळे आपले सगळे सण दर साल दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतात. म्हणजे मोहरम मे महिन्याच्या सुट्टीत येण्याचा योग एका पिढीला तिच्या बालपणी फार तर एकदा लाभतो. १८९९ साली तो मे महिन्यात होता. मग १९३१ साली. तेव्हा आमचे अब्बा लहान होते. मग १९६४ साली, तेव्हा आम्ही. मग १९९७ साली आमची मुले. शाळा नाही, ऊन आहे, रात्री मोकळ्या आहेत आणि रस्त्यावर सबील आहे, असा मोहरम ज्याने लहानपणी पाहिला त्याला तो विसरता येत नाही.

१८९९ च्या मुंबईत प्लेग होता. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस आलेली ही साथ हटत नव्हती. तरीही त्या काळच्या मुंबईत मोहरम हा शहरातला सर्वांत मोठा बिनतिकिटाचा सोहळा होता, आणि तो केवळ मुसलमानांचा नव्हता. महाराष्ट्रभर ताबुतांपुढे हिंदू नाचत, नवस बोलत, डोले उचलत. गावोगावी ही रीत आजही पुरती मेलेली नाही. १८९३ हे वर्ष मात्र निर्णायक ठरले. त्या साली मोहरममध्ये प्रभासपाटणला दंगा झाला, ऑगस्टमध्ये मुंबईत झाला. त्यानंतर पुण्यात हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये असा प्रचार झाला आणि गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपात उभा राहिला. यावर पुष्कळ वाद झाले आहेत आणि आम्हाला त्यात नव्याने भर घालायची नाही. गणपतीची आरास बघायला आमचे अब्बा आम्हाला लालबागला न्यायचे, आम्ही आमच्या मुलांना नेले, आणि त्या आनंदाबद्दल आमची काही तक्रार नाही. एवढेच म्हणायचे की ज्या मुलाला वर्षातून दोन मेळे आपले होते त्याला त्यानंतर एक आपला आणि एक परका झाला. दोन्हीकडच्या मुलाला.

मुंबईच्या मोहरमचा दुसरा घाव सरकारी होता. एस. एम. एडवर्ड्स १९०९ ते १९१६ या काळात पोलीस कमिशनर होते. गंमत अशी की या गृहस्थांनी मुंबईच्या मोहरमवर रसाळ लेखन केले आहे. १९१२ साली निघालेल्या त्यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात ते आहे. लेखक म्हणून ज्याचे त्यांना कौतुक वाटले त्याच्यावर अधिकारी म्हणून त्यांनी निर्बंध घातले. मोहल्ल्या-मोहल्ल्यांच्या टोळ्या रात्री ढोल वाजवत एकमेकांवर चालून जात, व्यापाऱ्यांकडून पैसे उकळत, मारामाऱ्या होत, हे खरेच होते. आपल्यातल्या शहाण्या लोकांनाही ते नको होते. पण टोळ्यांबरोबर मिरवणुकीचे जुने रूपही गेले. उरले ते वाझ, मजलिस, शियांची डोंगरीहून माझगावच्या रहमताबादला जाणारी मातमी मिरवणूक, आणि सबील. म्हणजे गोंगाट गेला आणि पाणी राहिले असेही म्हणता येईल, पण मुलांना गोंगाटही हवा असतो.

तो गोंगाट त्यांना दुसऱ्या एका मैदानावर मिळाला, आणि तो देणारा आपला माणूस होता.

शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म बार्शीचा, १९१६ सालचा. पाणी भरणे, गाडीवर क्लिनर, गिरणीत कामगार असे सगळे करून झालेला माणूस. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात ते गाऊ लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या वर्षांत, गिरणगावातल्या मैदानांवर त्यांच्या डफाभोवती माणसांचा समुद्र जमे. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. बायका पोरांना कडेवर घेऊन, रात्रीची भाकरी लवकर उरकून येत. अब्बा आम्हाला खांद्यावर बसवून नेत. आम्ही चार-पाच वर्षांचे होतो, तेव्हा शब्द काही कळत नव्हते. तो पहाडी आवाज पोटात घुमे, एवढे आठवते. परतताना अब्बा एकदा म्हणाले होते, "पाहिलंस? आपला शेख गातोय आणि अख्खी परळ गप्प बसली आहे."

आम्ही लेखक मंडळी 'मराठी मुसलमान' या दोन शब्दांवर परिसंवाद घेतो, निबंध लिहितो, आणि ते घेतलेच पाहिजेत. पण आमच्यापुरते सांगायचे तर हे दोन शब्द एकत्र आहेत हे आम्हाला कोणी समजावून दिले नाही. उन्हाळ्याच्या रात्री एका मैदानावर ते आम्ही बापाच्या खांद्यावरून पाहिले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. हा दिवसही मे महिन्यातलाच. त्या रात्री शहरातली रोषणाई बघायला आम्हाला नेले होते असे घरातले सांगत. आम्हाला झोप लागली होती. पुढे दर १ मेला सकाळी शिवाजी पार्कवर संचलन बघायला जाणे हा आमच्या घरचा रिवाज झाला. हे मैदानही पाहण्यासारखे आहे. १९२५ साली ते झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीला, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला महाराजांचे नाव मिळाले. तिथून थोडे उत्तरेला मखदूम अली माहीमींचा दर्गा आहे. अब्बांचा कार्यक्रम ठरलेला असे: आधी संचलन, मग दर्ग्यावर फातेहा, मग माहीमच्या किनाऱ्यावर आणलेले डबे उघडायचे. शिवाजी आणि मखदूम एकाच सकाळी, बसच्या एका तिकिटात. बसचे तिकीट तेवढे लागे.

१९६४ चा मोहरम आम्हाला स्वच्छ आठवतो. ट्राम त्याच वर्षी ३१ मार्चला बंद झाली होती आणि पोरे रिकाम्या रुळांवरून तोल सांभाळत चालत. अब्बांनी आम्हाला सबीलवर बसवले. काम एकच: पेला विसळायचा, भरायचा, पुढे करायचा आणि समोरचा कोण आहे हे बघायचे नाही. हमाल आले, कापडबाजारातले गुमास्ते आले, एक बँडवाला आपली पिपाणी काखेत धरून आला. आशुरा होऊन चार-पाच दिवस झाले आणि २७ मेला नेहरू गेले. सबील उतरवली गेली होती. मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांनी ती पुन्हा उभी केली. लोक रेडिओच्या दुकानांपुढे उन्हात ताटकळत उभे होते, त्यांना पाणी दिले. हे कोणी ठरवले ते कळले नाही. आम्ही पेले विसळत होतो.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे आम्ही इथे भरभर ओलांडतो. आम्ही नोकरीला लागलो, लग्न झाले, मुले झाली. मुलांनाही १ मेला नेऊ लागलो.

१९९३ च्या १ मेला नेले नाही. डिसेंबर आणि जानेवारीत काय झाले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला, तो ज्याने वाचला नाही त्याने वाचावा. आम्ही सांगतो ते त्या अहवालात नाही, कारण त्याची नोंद कोणी घेत नसते. त्या मे महिन्यात आमच्या गल्लीतली मुले घरात होती. कोणी बंदी घातली नव्हती. मैदाने तिथेच होती आणि फुकटच होती. आई-बापांनी आपण होऊन रेषा आखून घेतली, की या पुलापलीकडे जायचे नाही. मुलाने विचारले, "या वर्षी परेड नाही का?" आम्ही म्हणालो, "नाही." ते खोटे होते. बापाने मुलाशी बोललेल्या खोट्यांत हे आम्हाला अजून टोचते.

पुढच्या वर्षी धीर करून एका मैदानावरच्या कार्यक्रमाला गेलो. फाटकावर बंदोबस्ताच्या माणसाने आमच्या घरातल्यांची डब्यांची पिशवी दोनदा तपासली. आमच्या पुढच्या-मागच्यांची एकदाही नाही. बुरख्यातली बाई कवाब आणि चपात्या घेऊन चालली होती, दुसरे काय असणार? मुलगी नऊ वर्षांची होती. तिने आत गेल्यावर विचारले नाही, घरी आल्यावर विचारले नाही, पुढच्या रविवारी विचारले. तोवर ती त्याचाच विचार करत होती.

ज्यांना परवडले ते किंवा ज्यांना राहणे अशक्य झाले ते मुंब्र्याला गेले. आमचे निम्मे नातेवाईक तिकडे आहेत. तिकडच्या मुलांना खाडी आहे, डोंगर आहे. पण राणीची बाग आता गाडीच्या प्रवासावर गेली. १९९७ साली मोहरम पुन्हा मे महिन्यात आला तेव्हा मोहल्ल्यात सबील होती, माठ तेच होते, पण पेले पुढे करणाऱ्या पोरांसमोर जवळपास सगळे आपलेच लोक येत होते. हमाल, गुमास्ते दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले होते. त्यांना तरी काय दोष द्यावा? आम्हीही दुसऱ्या रस्त्यानेच जात होतो.

गेल्या काही वर्षांत फुकटाचे शहर आणखी आक्रसले ते पैशाने. १ ऑगस्ट २०१७ पासून राणीच्या बागेचे तिकीट मोठ्यांना ५ रुपयांवरून ५० रुपये झाले आणि लहानांना २ वरून २५. पेंग्विन आले, त्यांना थंड हवा लागते, खर्च आहे, हे मान्य. आई-बाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपयांत सवलत ठेवली. आमच्या धाकट्या भावाला चार मुले. त्याने हिशेब केला आणि पोरांना बागेऐवजी हाजीअलीला नेले.

हाजीअलीला मात्र अजून समुद्राशिवाय कोणी अडवत नाही. भरतीला वाट पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडते. मुलांना यापेक्षा मोठा तमाशा दुसरा नाही. तिथेही एक गाठ होती. काही वर्षे बायकांना मजारीच्या आतल्या भागात जायला बंदी घातली गेली होती. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या वर्षाअखेर बायका पुन्हा आत गेल्या. इतरांनी आपल्याला फाटकावर अडवले तर आपण कळवळतो. आपल्या मुलींना आपणच अडवले तेव्हा आपल्यातले किती बोलले, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. आम्ही तेव्हा गप्प होतो.

२०१८ आणि २०१९ ला रमजान मे महिन्यात आला होता. दिवसभर उन्हात रोजा, आणि तरावीहनंतर मिनारा मशिदीच्या रस्त्यावर दिवे, मालपुवे, गर्दी. ती गर्दी बघून बरे वाटले, कारण त्यात दादर, गिरगावहून मुद्दाम पोरांना घेऊन आलेली मराठी कुटुंबे होती. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन फिरनीच्या दुकानासमोर उभे होते. नातू विचारत होता की हे लोक रात्री का जेवतात, आणि आजोबा त्यांना ठाऊक होते तेवढे नीट सांगत होते. आम्ही मधे बोललो नाही. २०२० च्या रमजानमध्ये, टाळेबंदीत, त्याच रस्त्यावर कुत्रीही दिसत नव्हती. ईदची नमाज आम्ही घरात पढलो.

आता नातवंडांची पाळी. २०२८ साली मोहरम मेच्या अखेरीस सुरू होईल आणि २०२९ साली आशुरा भर मे महिन्यात, सुट्टीत येईल. आम्ही असलो तर पंचाहत्तरीच्या आसपास असू. थोरली नात तेव्हा दहा वर्षांची असेल, म्हणजे सबीलवर बसायच्या अगदी योग्य वयाची. मुलाचे म्हणणे असे की सबील या वेळी गल्लीत न लावता गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर लावावी. तिथे बसचा थांबा आहे, सगळे थांबतात. परवानगी लागेल, महापालिकेकडे अर्ज करावा लागेल, कागदी पेले ठेवावे लागतील कारण हल्ली कोणी विसळलेल्या पेल्यातून पीत नाही. आम्ही म्हणालो, अर्ज मराठीत कर, लवकर मिळेल. माळ्यावर अब्बांची घडवंची अजून आहे. परवा खाली काढून बघितली. एक पाय वाळवीने खाल्ला आहे, बाकी लाकूड सागवानी आहे. सुताराने सांगितले आहे, होईल.